सत्त्याहत्तर पत्ते आणि बायकोचा एक प्रश्न

ताई,

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. सहा वर्षांपूर्वी एका मित्राच्या टेबलावर टॅरोचा, म्हणजे लोक भविष्य सांगायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांतला, एक पत्ता पाहिला. दोन चेहऱ्यांची एक आकृती कढईत एका हाताने आग आणि दुसऱ्या हाताने पाणी ओततेय, खाली पांढरा सिंह आणि तांबडा गरुड. पत्त्याचं नाव ‘आर्ट’. तेव्हापासून किमयेची, म्हणजे हलक्या धातूचं सोनं करू पाहणाऱ्या जुन्या विद्येची, चिन्हं असलेले जुने टॅरो डेक (पत्त्यांचे संच) जमवायचं वेड लागलंय. आज तेवीस डेक आहेत. भविष्य मी बघत नाही आणि मानतही नाही. पार्सलं प्रयोगशाळेच्या पत्त्यावर मागवतो, कारण घरी तीनच डेक माहीत होते. परवा कपाट आवरताना बायकोला बाकीचे वीस सापडले. ती चिडली नाही. एवढंच म्हणाली, “खेळत नाहीस, भविष्य बघत नाहीस, कुणाला दाखवत नाहीस. मग हे आहे तरी कशासाठी?” मला उत्तर देता आलं नाही.

त्यातच एक विक्रेता मला ‘१७५० च्या सुमाराचा, किमयागारांच्या घराण्यातला’ डेक देऊ करतोय. ७८ पैकी ७७ पत्ते आहेत. कागद तपकिरी पडलाय, कोपरे गोल, पाठीवर स्वतःची शेपूट गिळणारा साप. प्रत्येक पत्त्यावर पाऱ्याचं नाहीतर गंधकाचं चिन्ह. नावं इंग्रजीत. आठव्या पत्त्यावर सिंहाचा जबडा धरलेली बाई आहे, आणि तीन तलवारींच्या पत्त्यावर तलवारींनी भोसकलेलं हृदय. साठवलेले बरेचसे पैसे यात जातील. रविवारपर्यंत सांगायचंय. काय करू?

– कढईपाशी उभा

सर,

आधी डेकचं बोलते, कारण तुमच्यापुढे रविवारची मुदत आहे. घेऊ नका. फोटो न पाहता, नुसत्या तुमच्या वर्णनावरून हे सांगतेय. तुम्ही इतकं नेमकं लिहिलंय की विक्रेत्याची गोष्ट तुमच्याच पत्रात उघडी पडली आहे.

इंग्रजी नावांपासून सुरुवात करू. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत जन्मला तो पत्त्यांचा खेळ म्हणून. आपल्या कॅटसारखेच चार रंग, फक्त बदाम-किलवरच्या जागी पेले, तलवारी, काठ्या आणि नाणी; राजा, राणी, गुलामाच्या जोडीला एक घोडेस्वार; आणि वर बावीस चित्रांचे पत्ते, जे हुकमाचं काम करत. (एकवीसच म्हणायला हवेत, मूर्खाचा पत्ता हुकमात मोडत नाही.) १७५० मध्ये हा खेळ इटली, फ्रान्स, स्वित्झर्लंड, जर्मन मुलूख इथे जोरात होता. इंग्लंडात तो रुजलाच नाही. त्यामुळे त्या काळच्या पत्त्यांवर नावं असली तर फ्रेंच किंवा इटालियन असतात. जिथे कुणी तो खेळ खेळतच नव्हतं, त्या भाषेत पत्ते कोण आणि कुणासाठी छापेल?

आता आठव्या पत्त्यावरची ती बाई. जुन्या मार्सेय पद्धतीच्या, म्हणजे फ्रान्सकडच्या नेहमीच्या, डेकांत आठवा पत्ता न्यायदेवतेचा असतो आणि सिंहाची बाई अकराव्या जागी. या दोघींची अदलाबदल केली लंडनच्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाने. हे मंडळ १८८८ चं. राशींच्या क्रमाशी पत्ते जुळावेत म्हणून त्यांनी हा खटाटोप केला, आणि त्याच मंडळातल्या आर्थर एडवर्ड वेट यांनी १९०९ मध्ये विल्यम रायडर अँड सन या प्रकाशकाकडून जो डेक काढला, त्यातून ही अदलाबदल जगभर पसरली. म्हणजे तुमच्या ‘१७५०’ च्या डेकला त्याच्या जन्मानंतर शंभरावर वर्षांनी ठरलेला क्रम आधीच ठाऊक होता.

आणि ते हृदय! पत्रात ते वाचलं आणि मी खुर्चीत सरसावून बसले. कारण या एका चित्राचा माग जवळजवळ पत्त्यागणिक लावता येतो. जुन्या डेकांत तीन तलवारींच्या पत्त्यावर तीन तलवारी असतात, बस्स. जसं आपल्या कॅटमध्ये बदाम तिरीवर तीन बदाम. सगळ्या अठ्ठ्याहत्तर पत्त्यांवर माणसं आणि प्रसंग रंगवलेला जुना डेक एकच पूर्ण उरलाय: सोला-बुस्का. पंधराव्या शतकाच्या शेवटचा, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला, १४९१ च्या सुमारास व्हेनिसमध्ये हाताने रंगवलेला. त्यातल्या तीन तलवारी एका हृदयात घुसलेल्या आहेत. ही प्रत पिढ्यान् पिढ्या खासगी मालकीत होती. १९०७ मध्ये तिचे कृष्णधवल फोटो ब्रिटिश म्युझियमला मिळाले, आणि दोनच वर्षांनी वेट यांच्यासाठी चित्रं काढणाऱ्या पामेला कोलमन स्मिथ यांच्या कुंचल्यातून तसंच हृदय, तशाच तीन तलवारी उतरल्या, मागे फक्त ढग आणि पाऊस जास्तीचा. मूळ प्रत २००९ मध्ये इटलीच्या सरकारने विकत घेतली आणि ती आता मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात आहे. तेव्हा विक्रेत्याकडे एकतर ब्रेरा संग्रहालयातून चोरलेला माल आहे, नाहीतर १९०९ नंतर कुणीतरी त्या लंडनच्या डेकवरून काढलेला.

गोल कोपरेही १७५० ला बसत नाहीत. ती रीत सर्रास झाली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात; त्याआधीचे पत्ते चौकोनी आणि म्हणून कोपऱ्यांत झिजलेले. तपकिरी रंगाबद्दल एवढंच विचारा, की तो कुठे आहे. खेळून जुना झालेला पत्ता अंगठा लागतो तिथे मळतो, कडांना काळवंडतो, मधे उजळ राहतो. चहात बुडवलेला पत्ता सगळीकडून एकसारखा ‘जुना’ होतो.

याउपर खात्री हवी असेल तर तुमच्या प्रयोगशाळेत सगळं सामान आहे. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. अठराव्या शतकातला पत्ता म्हणजे लाकडी ठशाची काळी रेघ आणि त्यावर कातरलेल्या साच्यातून फासलेला रंग, जो रेघेबाहेर हमखास जातो. एकोणिसाव्या शतकातल्या शिळाछापात रंगाचे ठिपके वेडेवाकडे, वाळूसारखे दिसतात. आणि निळा, किरमिजी, पिवळा, काळा अशा ठिपक्यांची शिस्तशीर फुलं दिसली, की ती विसाव्या शतकातली ऑफसेट छपाई. दुसरी चाचणी अतिनील दिव्याची. कागद निळसर पांढरा झळाळून उठला तर त्यात उजळवणारं रसायन आहे, आणि ते कागदात यायला लागलं १९५० च्या आसपास. कुठलं रसायन ते मी तुम्हाला काय सांगणार.

एक सत्त्याहत्तराचंही. मीही एकदा ‘एकच पत्ता कमी आहे, मिळून जाईल’ या बोलीवर डेक घेतला होता. आठ पेल्यांचा पत्ता नव्हता. अकरा वर्षं झाली. त्याच छपाईचा सुटा पत्ता शोधण्यात जितका वेळ गेला तितक्यात मी दुसरी भाषा शिकले असते. अपुरा डेक अभ्यासाला घ्यावा, अपुऱ्याच्या भावात घ्यावा, आणि पुरा होईल ही आशा विक्रेत्याकडेच ठेवून यावी.

पण सर, हा विक्रेता तुमच्यापर्यंत पोचला कसा, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ‘जुना’ आणि ‘किमयेचा’ हे दोन शब्द त्याने एकत्र ठेवले आणि तुम्ही विरघळलात. हे दोन शब्द टॅरोच्या इतिहासात फार क्वचित एकत्र येतात. तेवीस डेक घेऊनही हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

पहिली साडेतीनशे वर्षं टॅरो आणि किमया शेजारी शेजारी राहिल्या, पण त्यांच्यात सोयरीक झाली असं दिसत नाही. किमयागारांची चित्रं त्यांच्या स्वतःच्या ग्रंथांत होती. १५५० मध्ये फ्रँकफर्टला छापलेल्या ‘रोझारियम फिलॉसॉफोरम’ मध्ये राजा आणि राणी एकत्र येतात, मरतात आणि एका देहात उठतात. ‘स्प्लेंडर सोलिस’ या हस्तलिखितात बावीस चित्रं आहेत. बावीस! हा आकडा दिसला की टॅरोवाल्यांचे डोळे लकाकतात, माझेही लकाकले होते, पण आकडा जुळणं म्हणजे नातं नव्हे. मिखाएल मायर यांच्या ‘अटलांटा फुगिएन्स’ मध्ये पन्नास कोरीव चित्रं आणि प्रत्येकासोबत गायला एक रचना. आणि १६७७ चं ‘म्यूटस लीबर’, म्हणजे मुकं पुस्तक: पंधरा चित्रपानं, बाकी शब्द जवळजवळ नाहीतच. सोला-बुस्काच्या चित्रांत काही अभ्यासकांना किमया दिसते, आणि त्यांचं म्हणणं मला वजनदार वाटतं. बाकीच्या जुन्या डेकांत ती शोधायची म्हणजे ढगात हत्ती शोधण्यासारखं आहे. सापडतो, पण त्यात ढगाचा काही हात नसतो.

गाठ पडली ती उशिरा. १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने टॅरो हा प्राचीन इजिप्तचा ज्ञानग्रंथ आहे असं ठोकून दिलं. पुरावा शून्य. पण त्या एका निबंधाने खेळाचे पत्ते गूढविद्येच्या देव्हाऱ्यात जाऊन बसले. पाठोपाठ एतेइला या टोपणनावाने लिहिणारा पॅरिसचा आलिएत आला. त्याने खास भविष्यासाठी डेक काढला आणि किमयेवरही लेखन केलं. १८८९ मध्ये गूढविद्येचे अभ्यासक ओस्वाल्ड विर्त यांचे बावीस पत्ते निघाले, प्रती साडेतीनशे. (बावीसच. उरलेले छप्पन कुठे म्हणून कुणी भाव पाडायला लागलं तर त्याला विर्त माहीत नाहीत.) मग वेट. ते किमयेच्या जुन्या ग्रंथांचे अनुवादकही होते, आणि त्यांच्या डेकमधला दहावा पत्ता तुमच्याकडे असेलच, तो काढा. चाकाच्या आऱ्यांवर पारा, गंधक, मीठ आणि पाणी यांची चिन्हं बसलेली दिसतील. १९२९ मध्ये नॅप आणि मॅनली हॉल यांचा डेक आला. त्यातले हॉल किमयेची हस्तलिखितं जमवणारे म्हणून प्रसिद्ध होते.

आणि तुमचा ‘आर्ट’. तो थॉथ डेकचा चौदावा पत्ता. इंग्रज गूढविद्यावाले अलिस्टर क्रोली यांची कल्पना, लेडी फ्रीडा हॅरिस यांची चित्रं, १९३८ ते १९४३ या काळात काढलेली. इतर डेकांत चौदाव्या जागी ‘संयम’ असतो: एक देवदूत एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओततोय. हॅरिसबाईंनी त्याची प्रयोगशाळा केली. किमयेतला सिंह तांबडा असतो आणि गरुड पांढरा. या पत्त्यावर दोघांनी रंगांची अदलाबदल केली आहे, कारण विक्रिया होऊन गेली आहे. मागच्या प्रभावळीत एक लॅटिन वाक्य आहे. पृथ्वीच्या पोटात शिर, शुद्ध करत जा, लपलेला दगड सापडेल, अशा अर्थाचं. तो दगड म्हणजे परीस. वाक्यातल्या शब्दांची पहिली अक्षरं जोडली की ‘व्हिट्रिओल’ होतं, आणि व्हिट्रिओलचं तेल म्हणजे कोणतं आम्ल, हे तुम्ही दरवर्षी मुलांना सांगत असाल. त्याच डेकमध्ये जादूगार हा पारा, सम्राज्ञी मीठ आणि सम्राट गंधक. तिच्या ढालीवर पांढरा गरुड, त्याच्या ढालीवर दोन डोक्यांचा तांबडा. मूळ चित्रं लंडनच्या वॉरबर्ग इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. क्रोली १९४७ मध्ये गेले, हॅरिस १९६२ मध्ये, आणि पूर्ण डेक छापून आला १९६९ मध्ये. दोघांनीही आपले पत्ते पिसून पाहिले नाहीत. ही गोष्ट मला त्या विक्रेत्याच्या किमयागार घराण्यापेक्षा कितीतरी जास्त चटका लावते, आणि ती खरी आहे.

यातून तुमच्या कामाचं काय? एवढंच, की किमयेचा टॅरो जमवणाऱ्याचं क्षेत्र साधारण १८८९ पासून पुढचं आहे. सोला-बुस्का हवा असेल तर त्याची प्रतिकृती मिळते आणि ती प्रतिकृती म्हणूनच विकत घ्यायची असते. त्याअलीकडे भरपूर शिकार आहे. थॉथच्याच वेगवेगळ्या छपाया बघा: कुठे रंग फिके, कुठे किनार वेगळी, आणि काही स्विस छपायांत जादूगाराचे तीन वेगळे पत्ते मिळून डेक ऐंशीचा. हे ठाऊक नसलेला विक्रेता ‘दोन पत्ते चुकून जास्त’ म्हणून विकतो. रॉबर्ट प्लेस यांच्या ‘अल्केमिकल टॅरो’ ची १९९५ ची पहिली आवृत्ती बघा. किमयेच्या ग्रंथांतली चित्रं थेट पत्त्यांवर आणणारा याच्याइतका सरळ प्रयत्न मला दुसरा माहीत नाही. पॉल फॉस्टर केस यांच्या गूढविद्या शिकवणाऱ्या संस्थेचा काळा-पांढरा डेक बघा, ज्यात रंग विद्यार्थ्याने स्वतः भरायचे असतात. कुणा अनोळखी विद्यार्थ्याने साठ-सत्तर वर्षांपूर्वी भरलेला असा डेक हातात आला, तर मी कोऱ्यापेक्षा तो आधी उचलीन. संग्राहक याच्या उलट करतात. करू देत.

या विसाव्या शतकातल्या डेकांचं वय ओळखायला गूढविद्या लागत नाही, डबा आणि पुस्तिका पुरतात. डब्यावरच्या प्रकाशकाच्या अमेरिकन पत्त्यात झिप कोड (तिथला पिनकोड) असेल तर छपाई १९६३ नंतरची. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकांवरचा ओळख-क्रमांक, असेल तर साधारण १९७० नंतरची, आणि तो तेरा आकडी असेल तर बहुधा २००७ नंतरची, मग विक्रेता त्याला कितीही ‘सत्तरच्या दशकातला’ म्हणो. यूएस गेम्स या डेक काढणाऱ्या कंपनीचा पत्ता न्यूयॉर्कचा असेल तर छपाई आधीची, स्टॅमफर्डचा असेल तर नंतरची. म्हणून डबा आणि पुस्तिका टाकून दिलेला डेक स्वस्त असतो: पत्ते तेच, पण त्यांचा जन्मदाखला गेलेला.

जपणुकीवर तुम्हाला व्याख्यान देणं म्हणजे कुंभाराला माती शिकवणं, तरी दोन गोष्टी सांगते, कारण रसायनशास्त्राचे लोक घरच्या कपाटात शास्त्र विसरतात. पत्त्यांना रबर लावलं असेल तर आज काढा. पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवले असतील तर तेही काढा. त्यातून कोणतं आम्ल सुटतं ते तुम्हीच मला सांगाल. पॉलिप्रॉपिलीन चालेल. आम्लविरहित कागदाचा डबा, अंधार, आणि चाळीस-पन्नास टक्क्यांच्या आसपास टिकणारी आर्द्रता. भिंतीवर फ्रेम करायची असेल तर मूळ पत्त्याची नको, चांगल्या प्रतीची करा. उडालेला रंग परत आणणारी किमया अजून निघालेली नाही.

आता तुमच्या बायकोचं. तुमच्या पत्रातला सर्वांत शहाणा प्रश्न तिचा आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे नव्हतं म्हणूनच विक्रेत्याची गोष्ट तुमच्या गळी उतरत होती. तुम्ही आर्टच्या पत्त्यावर भाळलात. त्यानंतर तेवीस डेक घेतलेत, पण त्यातले किती त्या कढईशी संबंधित आहेत? माझा अंदाज, सात-आठ. बाकीचे ‘मिळत होते म्हणून’. चुकत असेन तर कळवा.

असं करा. तेवीसच्या तेवीस डेकांतला चौदावा पत्ता बाहेर काढा आणि जेवणाच्या टेबलावर एका रांगेत मांडा. आणि तिला बोलवा. कुठल्या देवदूताच्या हातात दोन पेले आहेत, कुठे पाण्याच्या जागी आग आली, कुठे कढई आली, हे तिला दाखवत जा. तुम्ही वर्गात विक्रिया समजावता तसं. मला वाटतं तिला उत्तर मिळेल, आणि न मिळालं तरी कोणते डेक ठेवायचे आणि कोणते विकायचे हे तुम्हाला त्या रांगेतच दिसेल. जे पत्ते दाखवताना तुम्ही अडखळाल ते जाऊ देत. त्यांच्या पैशातून पुढची खरेदी करा, साठवणीतून नको.

पार्सलांबद्दल मात्र गोड बोलणार नाही. तुमच्या बायकोला पत्त्यांचा त्रास झालेला नाही; झाला असता तर ती त्या तीन डेकांवरच बोलली असती. तिला वीस डेक लपवलेले सापडले. ते तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंत आणि डेकच्या कोपऱ्यांवर चार ओळी लिहिल्यात. एक वही करा: डेक, छपाई, कधी घेतला, किती दिले, काय उणं आहे. संग्राहकाला अशी वही लागतेच, विकताना आणि विमा काढताना. ती पहिल्यांदा तिला वाचायला द्या, किमतींच्या रकान्यासकट. आणि पुढचं पार्सल घरच्या पत्त्यावर मागवा.

राहिला विक्रेता. त्याला रविवारच्या आत एकच निरोप पाठवा: तीन तलवारींच्या पत्त्याचा भिंगातून काढलेला फोटो हवा, हृदयाच्या तांबड्या रंगाचा, जवळून. फोटो आला तर मलाही पाठवा. आणि अठ्ठ्याहत्तरांतला कुठला पत्ता नाहीये ते तुम्ही लिहिलंच नाहीत. आठ पेल्यांचा सोडून कुठलाही असू दे, आणि त्याच्या डेकची छपाई माझ्या डेकशी जुळली तर आपण दोघं बोलू.

– ताई